ॲक्सोलॉटलच्या कल्ल्यांवर कापूस दिसला तर

ॲक्सोलॉटल म्हणजे आयुष्यभर पाण्यातच राहणारा, बेडकाच्या जातकुळीतला पण सरड्यासारखा दिसणारा उभयचर प्राणी. त्याला हवं असतं १६ ते १८ अंशांचं पाणी. कोल्हापुरातल्या मे महिन्यात टाकी सहज २८ वर जाते, आणि मग त्याच्या पिसांसारख्या कल्ल्यांवर कापसाचे बारीक बोळे चिकटल्यासारखी पांढरी बुरशी धरते. औषधाच्या बाटलीकडे हात जाण्याआधी हे करून बघा.

१. झाकणाला भोकं पाडलेल्या डब्यात क्लोरीन काढलेलं पाणी घ्या, त्यात त्याला वेगळं ठेवा. हे पाणी रोज सगळं बदलायचं.

२. डबा पाण्याच्या घमेल्यात ठेवा आणि गोठवलेली बाटली डब्यात नाही, घमेल्यात सोडा. पाण्याचं तापमान हळूहळू उतरतं, प्राण्याला झटका बसत नाही. दोन बाटल्या आलटून पालटून फ्रीजरमध्ये. लाईट जाणार असेल त्या दिवशी तिसरी.

३. टाकीवर तिरका पंखा लावला की दोन-तीन अंश कमी होतात. पावसाळ्यात दमट हवेत तो फारसा कामाचा नाही, पण तेव्हा एवढी गरजही नसते म्हणा.

बुरशी चिमट्यानं ओढू नका, कल्ला फाटतो. तीन-चार दिवसांत कमी झाली नाही तर पशुवैद्याला दाखवा.