शहराजवळचा एक दिवसाचा ट्रेक: या चुका टाळा

मोठ्या मोहिमेची तयारी माणसं महिनाभर करतात. शहराजवळच्या डोंगराची तयारी आदल्या रात्री साडेदहाला ग्रुपवर "उद्या कोण कोण?" असं विचारून उरकली जाते. सगळा घोळ त्या "जवळ" या शब्दात आहे. शहरापासून पायथा जवळ असतो. पायथ्यापासून माथा जितका लांब आहे तितका लांबच राहतो, आणि दारापर्यंत बस येते म्हणून चढ काही सपाट होत नाही. खाली लिहिलेल्या चुकांपैकी निम्म्याहून जास्त मी स्वतः केल्या आहेत, काही तर दोनदोनदा.

किलोमीटर मोजले, चढ मोजलाच नाही

"बाराच किलोमीटर आहे, एवढं तर आपण बागेत चालतो." हे वाक्य ऐकलं की मी घड्याळाकडे बघतो. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा हिशेब मांडला, तो आजही चालतो. दर पाच किलोमीटरला एक तास, आणि वर दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. म्हणजे १२ किलोमीटर वाट आणि ७०० मीटर चढ असेल तर चालण्याचे दोन तास चोवीस मिनिटं, चढाची सत्तर मिनिटं. झाले साडेतीन तास आणि वर चार मिनिटं.

पण हा हिशेब धडधाकट, सरावलेल्या आणि न थांबणाऱ्या माणसाचा आहे. त्यात फोटो नाहीत, डबा नाही, बुटात गेलेला खडा काढणं नाही. आठवडाभर खुर्चीत बसणाऱ्या सहा जणांचा ग्रुप असेल तर मी सरळ दीडपट करतो, म्हणजे साडेपाच तास धरायचे. तीव्र उतारावर वेळ वाचत नाही, उलट वाढतो. ब्रिटिश गिर्यारोहक एरिक लँगमूर यांनी या हिशेबात पुढे केलेल्या दुरुस्तीप्रमाणे उतार बारा अंशांहून उभा असला तर दर ३०० मीटरला दहा मिनिटं जास्तीची धरावी लागतात.

आता खरी चूक. लोक हा हिशेब पुढच्या दिशेने करतात: सातला निघू, नऊला पायथा, बाराला माथा. हिशेब शेपटाकडून करा. परतीची शेवटची बस पाचला, स्टॉपवर साडेचारला असायचं, उतरायला अडीच तास. म्हणजे दुपारी दोन वाजता जिथे असू तिथून मागे फिरायचं, मग माथा दहा मिनिटांवर दिसत असला तरीही. ही वेळ सकाळी, सगळे ताजेतवाने असताना, सगळ्यांसमोर मोठ्याने ठरवायची. दोन वाजता ठरवायला बसलात तर "एवढं आलोच आहोत तर" म्हणणारा एक जण प्रत्येक ग्रुपमध्ये असतोच. बऱ्याचदा तो मीच असतो.

आणि सुट्टीच्या दिवशीचं वेळापत्रक बघा. आठवड्याच्या मधल्या वाराची शेवटची गाडी रविवारी असेलच असं नाही.

कपाटातले जुने बूट

ही चूक फारशी कुणी सांगत नाही, म्हणून जरा सविस्तर. माझे एक चांगले, महागाचे बूट होते. जेमतेम वापरलेले. मग पाच-सहा वर्षं कपाटात नीट पुसून ठेवलेले. घातले आणि निघालो. चढताना काही नाही. उतरताना एका दगडी टप्प्यावर डाव्या पायाखाली काहीतरी फटक-फटक वाजायला लागलं. बघतो तर तळवा पुढून सुटून मगरीच्या जबड्यासारखा उघडला होता. सॅकचा एक पट्टा काढून तो बुटाभोवती आवळला. तासाभरात उजव्यानेही तोच रंग दाखवला, आणि माझ्याकडे दुसरा पट्टा नव्हता.

बूट वापरून झिजतात हे आपल्याला माहीत असतं, पण न वापरताही ते संपतात. अनेक ट्रेकिंग बुटांच्या तळव्यात मधला थर पॉलियुरेथेनचा असतो आणि हवेतल्या दमटपणाने तो वर्षानुवर्षं हळूहळू आतून विघटित होत राहतो. बाहेरून बूट नवा दिसतो, आत मात्र भुसभुशीत झालेला असतो. दमट हवेत हे लवकर होतं. म्हणून जुने बूट बाहेर काढले की तळव्याच्या कडेचा मधला थर अंगठ्याने दाबून बघा. बारीक भेगा दिसल्या, तुकडा सुटला किंवा तो चिकट लागला तर ते बूट डोंगरावर नेऊ नका. तसं काही दिसलं नाही तरी दोन दिवस घरात आणि जिन्यावर घालून फिरा. वाटेत तळवा सुटलाच तर चिकटपट्टी किंवा दोरी पंजाच्या रुंद भागावरून आणि तळपायाच्या खोबणीतून, अशी दोन ठिकाणी गुंडाळा. एकाच ठिकाणी गुंडाळलेली दगडावर घासून तुटते.

याच्या अगदी उलटी चूक म्हणजे शनिवारी घेतलेले कोरे बूट रविवारी चढवणं. फोड येण्याआधी ती जागा नुसती गरम लागते, चुरचुरते. त्याच क्षणी थांबून मोजा काढायचा, पाय कोरडा करायचा आणि टेप लावायची. दोन मिनिटांचं काम आहे. "पुढच्या थांब्यावर बघू" म्हटलं की पुढच्या थांब्यावर पाणी भरलेला फोड बघायला मिळतो.

उतारावर अंगठ्याचं नख काळं-निळं पडत असेल तर बुटांचा दोष असेलच असं नाही. आदल्या दिवशी नखं कापा आणि उतरायला लागण्याआधी घोट्यापाशी लेस पुन्हा आवळा, म्हणजे पाय पुढे सरकून नख बुटाच्या टोकावर आपटणार नाही. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना मांड्या रडतात, त्याचं कारणही बहुतेक चढ नसून उतार असतो. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच भार पेलतो, आणि त्या कामाची त्याला शहरात सवय राहिलेली नसते.

मोबाइल आहे ना

मोबाइलला स्वतःची जागा कळायला नेटवर्क लागत नाही, जीपीएसचा सिग्नल थेट उपग्रहाकडून येतो. पण त्या जागेखालचा नकाशा नेटवरून उतरतो. त्यामुळे रेंज गेली की निळा ठिपका कोऱ्या करड्या पडद्यावर उभा राहतो, आणि आपण अगदी अचूकपणे कुठेच नसतो. नकाशा घरीच डाउनलोड करा, मग विमान मोड लावून तो उघडतो का ते बघा. ही दुसरी पायरी सगळे विसरतात.

रेंज नसलेल्या भागात फोन सतत टॉवर शोधत राहतो आणि बॅटरी त्यातच जाते. तिथे विमान मोडच बरा. थंडीत बॅटरी ऐनवेळी मान टाकते, तेव्हा फोन सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात न ठेवता अंगाजवळ ठेवा. आणि शिट्टी घ्या. आवाज बसतो, शिट्टी बसत नाही. आल्प्समध्ये आणि ब्रिटनमध्ये संकटाची खूण म्हणजे मिनिटात सहा शिट्ट्या, मग मिनिटभर शांतता, मग पुन्हा सहा. उत्तर तीन शिट्ट्यांचं. उत्तर अमेरिकेत मात्र तीन शिट्ट्या हीच मदतीची हाक.

मागच्या माणसाची विश्रांती

ग्रुपमधला सगळ्यात मोठा अन्याय असा होतो. पुढचे वेगात जातात, झाडाखाली बसतात, पाणी पितात, गप्पा मारतात. दहा मिनिटांनी सगळ्यात दमलेला माणूस धापा टाकत पोहोचतो. तो दिसताच पुढचे उठतात, "चला, आलास का, निघू या." म्हणजे ज्याला विश्रांतीची सगळ्यात जास्त गरज, त्याला ती शून्य मिळते. असं चार वेळा झालं की पाचव्या टप्प्यावर त्याच्या पायात गोळे येतात किंवा घोटा मुरगळतो, आणि मग त्याच्यामुळे उशीर झाला असं सगळे म्हणतात.

उपाय सोपा आहे. हळू चालणारा पुढून दुसरा ठेवा, अनुभवी माणूस सगळ्यात मागे. शेवटचा पोहोचल्यावर पाच मिनिटं मोजा आणि मगच उठा. वाट फुटते तिथे पुढच्याने थांबायचंच.

पाण्याचा हिशेब मी उन्हात तासाला साधारण अर्धा लिटर धरतो. पण चार तास घाम गाळून नुसतं पाणीच ढोसत राहणंही बरं नव्हे. रक्तातलं सोडियम पातळ होतं आणि डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं सुरू होतं. ही लक्षणं पाणी कमी पडल्यासारखीच दिसतात, म्हणून लोक आणखी पाणी पाजतात. सोबत काहीतरी खारट खा.

वाट चुकली, पण मान्य नाही

मळलेली वाट अरुंद होते, मग ढोरवाट होते, मग ढोरंही इथून गेली असतील का अशी शंका येते. तरी आपण पुढेच जातो, कारण मागे फिरणं म्हणजे मघाचा सगळा चढ फुकट. पंधरा मिनिटांत वाटेची एकही खूण दिसली नाही तर थांबा आणि शेवटच्या खात्रीच्या जागेपर्यंत मागे या. ओढ्याच्या पात्रातून "खाली खाली गेलं की गाव लागेल" हा तर्क ऐकायला पटतो, पण पाणी धबधब्यावरून उडी मारतं आणि आपल्याला ती मारता येत नाही.

हवामान बघताना शहराचं बघू नका. दर हजार मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं, शिवाय डोंगराला अडून हवा वर चढते आणि तिथेच ढग धरतो. वीज चमकल्यापासून गडगडाट ऐकू येईपर्यंत सेकंद मोजा. तीन सेकंद म्हणजे एक किलोमीटर. गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर धारेवरून, माथ्यावरून आणि एकट्या झाडाखालून निघा, आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास वर जाऊ नका.

अंधार कधी पडतो

क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये हात लांब करून चार बोटं मावली तर सूर्यास्ताला एक तास, ही युक्ती सगळीकडे सांगितली जाते. ती थंड, उत्तरेकडच्या देशांतून आलेली असावी असा माझा अंदाज आहे. सूर्य तासाला पंधरा अंश सरकतो आणि लांब केलेल्या हाताची चार बोटं जेमतेम आठ अंश भरतात. उत्तरेकडे सूर्य तिरका मावळतो म्हणून ते जमून जातं. विषुववृत्ताच्या आसपास तो जवळजवळ सरळ खाली जातो, तिथे चार बोटं म्हणजे अर्धाच तास, आणि संधिप्रकाशही वीस-पंचवीस मिनिटांत संपतो. दरीत तर त्याच्याही आधी काळोख होतो. हेडटॉर्च सकाळी नऊच्या ट्रेकलाही सॅकमध्ये असायला हवा. मोबाइलचा टॉर्च चालतो, पण एक हात अडकतो आणि उतारावर तोच हात हवा असतो.

घरी कुणाला तरी तीन गोष्टी लिहून ठेवा: कुठून चढणार, कुठून उतरणार, आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर फोनाफोनी सुरू करायची. "संध्याकाळपर्यंत येतो" ही वेळ नव्हे. आणि उतरल्यावर तो निरोप खरंच पाठवा. एकदा मी बसमध्ये बसताक्षणी झोपलो, फोन सकाळपासून विमान मोडवरच. साडेआठला घरी पोहोचलो तर दारात बहीण बूट घालून उभी होती, हातात माझ्याच अक्षरातला तो कागद.