मराठी मजकुरात सलग शब्दसमूह नीट सापडत नसेल तर काय तपासावे

ठाण्यातील आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सभांची जुनी इतिवृत्ते टंकून मी एसक्यूलाइट या डेटाबेस-प्रणालीत भरली आणि शोधासाठी २०१५ पासून त्याच्यासोबत येणारे एफटीएस-५ हे मॉड्यूल वापरले. पहिल्याच दिवशी सचिवांनी ‘पुणे’ शोधले, तर पाणीपट्टी, पाणीगळती आणि पाण्याच्या टाकीची सफाई यांचे सगळे ठराव समोर आले. याउलट, डोळ्यांसमोर छापलेला दिसणारा ‘दुसऱ्या मजल्यावर’ हा शब्दसमूह मात्र काही इतिवृत्तांत सापडेना. या दोन्ही तक्रारींची उत्तरे प्रश्नात, म्हणजे शोधपेटीत लिहिलेल्या मजकुरात, नसून इंडेक्समध्ये, म्हणजे शब्द आणि त्यांची स्थाने नोंदवणाऱ्या सूचीत होती.

तरीही सुरुवात प्रश्नापासूनच करावी, कारण ती तपासणी मिनिटभराची आहे. सलग शब्दसमूह दुहेरी अवतरणचिन्हांत द्यावा लागतो. ती नसतील तर ‘घोडबंदर’ आणि ‘रोड’ हे शब्द एकाच नोंदीत कुठेही असले तरी ती नोंद जुळते. मोबाइलच्या कीबोर्डवरून येणारी वळणदार अवतरणचिन्हे चालत नाहीत. त्यांच्यामुळे त्रुटीचा संदेशही येत नाही, फक्त सलगतेची अट गुपचूप गळून पडते. म्हणून शोधपेटीतील मजकूर पुढे पाठवण्यापूर्वी ती सरळ करून घ्यावीत.

यानंतर इंडेक्समध्ये नेमके काय साठले आहे ते पाहावे. एफटीएस-५-व्होकॅब या प्रकारचे तक्ते त्यासाठीच असतात. त्यातील ‘इन्स्टन्स’ हा प्रकार निवडला की प्रत्येक टोकन (इंडेक्समध्ये साठवलेला शब्द किंवा त्याचा तुकडा) कोणत्या नोंदीत आणि कितव्या स्थानी आहे ते ओळीने दिसते. माझ्या तक्त्यात ‘पुणे’ हा शब्दच नव्हता. होते ते ‘प’ आणि त्यापुढे ‘ण’. मजकुराचे टोकनांत विभाजन करणारा मूळचा युनिकोड-६१ टोकनायझर केवळ अक्षरे आणि अंक (तसेच युनिकोडमधील खासगी वापराची चिन्हे) यांनाच शब्दाचा भाग मानतो, तर देवनागरीतील काना, मात्रा, वेलांटी, उकार, अनुस्वार आणि हलन्त ही चिन्हे युनिकोडच्या वर्गवारीत एमएन किंवा एमसी या अक्षराला जोडल्या जाणाऱ्या चिन्हांच्या गटांत मोडत असल्याने त्यांच्यापाशी शब्द तुटतो. ‘पाणी’ या शब्दाचेही तेच दोन तुकडे होतात, आणि शोधलेल्या शब्दाचे तुकडे पडले की एफटीएस-५ त्यांना आपोआप सलग शब्दसमूह समजते. मराठी मजकुराच्या दृष्टीने हा दोष मला सर्वांत गंभीर वाटतो, कारण शोध चालतो आहे असे वरवर दिसत राहते.

उपाय असा की, तक्ता तयार करताना टोकनायझरच्या ‘कॅटेगरीज’ या पर्यायात मूळच्या एल (अक्षरे), एन (अंक) आणि सीओ (खासगी वापराची चिन्हे) या गटांसोबत एमएन आणि एमसी हेही गट लिहावेत. टोकनायझर तक्त्याच्या जन्मावेळीच ठरतो, त्यामुळे जुना शोधतक्ता काढून नवा तयार करावा आणि सर्व मजकूर पुन्हा भरावा. त्याच वेळी ‘डिटेल’ हा पर्याय ‘फुल’ असल्याची खात्री करावी. अन्यथा शब्दांची स्थाने पूर्ण साठवली जात नाहीत आणि शब्दसमूहाचा शोध त्रुटी देतो.

‘दुसऱ्या’चा घोळ यानंतरही उरला. यातला अर्धा ‘र’ दोन प्रकारे टंकला जातो: कुणी नुक्त्याचा ‘ऱ’ वापरून, तर कुणी साधा ‘र’, हलन्त आणि अदृश्य शून्य-रुंदी जोडचिन्ह वापरून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण दुसऱ्या पद्धतीत त्या अदृश्य चिन्हापाशी शब्द तुटतो. इंडेक्समध्ये जाणारा मजकूर आणि शोधाचा मजकूर या दोहोंतील दुसरे रूप पहिल्यात बदलणारी एकच छोटी क्रिया लिहावी आणि ती दोन्हीकडे न चुकता वापरावी.

शेवटी विभक्तीप्रत्ययांचा आणि शब्दयोगी अव्ययांचा प्रश्न येतो. ‘घोडबंदर रोडवर’ असे लिहिलेले ‘घोडबंदर रोड’ शोधून मिळत नाही, कारण ‘रोडवर’ हे वेगळे टोकन आहे. अशा वेळी शब्दसमूहानंतर तारांकन (*) द्यावे, म्हणजे शेवटच्या शब्दाला पुढे काही जोडलेले असले तरी तो जुळतो. ते अवतरणचिन्हाच्या बाहेर असावे, आत असल्यास ते निरुपयोगी ठरते. रूप बदलणाऱ्या शब्दासाठी समाईक भागापर्यंतच लिहावे. ‘रस्त’ आणि तारांकन दिल्यास ‘रस्ता’ व ‘रस्त्यावर’ हे दोन्ही मिळतात. मात्र तारांकन केवळ शेवटच्या शब्दालाच लागू होते, त्यामुळे ‘पाण्याची टाकी’ आणि ‘पाण्याच्या टाकीला’ एकत्र हवे असतील तर ‘पाण्या’ आणि ‘टाकी’ यांना स्वतंत्र तारांकने देऊन निअर या जवळजवळचे शब्द शोधणाऱ्या क्रियेत मधले अंतर ० ठेवावे. ‘तलावपाळी’ आणि ‘तलाव पाळी’ यांच्यासाठी असा आडमार्ग नाही. तेथे दोन्ही रूपे ‘किंवा’ने (इंग्रजी ‘ओआर’ने) जोडूनच शोधावी लागतात.