पोक काढून बसायची सवय आणि रॉल्फिंग: जाण्याआधी हे वाचा

"ताठ बस" म्हटलं की आपण दोन मिनिटं छाती काढून बसतो आणि परत पोक येतोच, कारण खांदे पुढे येतात ते बऱ्याचदा छाती आखडल्यामुळे आणि आपण मात्र पाठच चोळत बसतो. अंगातल्या बनियनचं खालचं टोक धरून ओढून बघा, ताण खांद्यापाशी येतो ना? स्नायूंवरचं फॅशिया नावाचं पातळ आवरण असंच सगळीकडे जोडलेलं असतं.

यावर हाताने काम करायची पद्धत आयडा रॉल्फ (1896–1979) या अमेरिकन बायोकेमिस्ट बाईंनी बसवली, म्हणून नाव रॉल्फिंग. मूळ क्रम 10 सेशनचा, सुरुवात श्वास आणि बरगड्यांपासून, मग पावलं, मानेचा नंबर थेट सातव्यात, त्यामुळे मान दुखतेय म्हणून गेलात आणि थेरपिस्ट तळव्यावर काम करतोय तर वैतागू नका.

जाताना अंगाला तेल, लोशन काही लावू नका, हात सटकतो. आधी तुम्हाला उभं करून, चालवून बघतात. मग बोटांची पेरं किंवा कोपर टेकवून हळूऽऽ दाब देतात आणि मध्येच "गुडघा वाकवा" वगैरे सांगतात, तेव्हा श्वास रोखू नका. दुखणं सहन केलं की जास्त फायदा होतो हा गैरसमज आहे, सरळ "कमी करा" म्हणा.

घरी अंदाज घ्यायचा तर उभं राहून खाली वाका, हात कुठपर्यंत जातात ते बघा. आता एका तळव्याखाली टेनिस बॉल घेऊन दोन मिनिटं सावकाश फिरवा, टाचेपुढे जिथे टोचतं तिथे थांबून चार-पाच श्वास घ्या आणि परत वाका. त्या बाजूचा पाय मागून मोकळा वाटतो बऱ्याच जणांना (मला तर दोन पाय वेगवेगळ्या माणसांचे वाटले होते). गंमत म्हणजे एवढ्यात फॅशिया काही लांब होत नाही, मज्जासंस्था ताण सोडते असं जास्त पटतं.

रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील, पायात रक्ताची गाठ झालेली असेल, हाडं ठिसूळ असतील, नुकतं ऑपरेशन झालंय किंवा गरोदर असाल तर आधी डॉक्टरांना विचारा. हातापायाला मुंग्या येत असतील तरी तेच. आणि कण्याचा बाक कायमचा सरळ करून देतो म्हणणाऱ्याकडे जाऊच नका, तेवढा पुरावा अजून कोणाकडेच नाहीये.