व्हॅनच्या पत्र्याला थंडीसाठी अस्तर लावताना

डिसेंबरात जांबोटी किंवा कणकुंबीच्या बाजूला गाडीतच मुक्काम करणाऱ्याला पहाटे जो त्रास होतो, तो थंडीपेक्षा ओलीचा अधिक असतो. बेळगाव परिसरात थंडीच्या पहाटे पारा 10-12 अंशांपर्यंत उतरतो आणि तेवढ्या गारठ्याला धनगरी घोंगडे पुरते. परंतु झोपलेल्या माणसाच्या श्वासातून व अंगातून रात्रभरात साधारण पाव लिटर पाणी वाफेच्या रूपाने बाहेर पडते, ते गार पत्र्यावर साचते आणि छतातल्या एखाद्या उघड्या स्क्रूच्या डोक्याला लोंबत राहून नेमके उशीवर टपकते. म्हणून अस्तर असे हवे, की गाडीतली दमट हवा पत्र्यापर्यंत पोहोचताच कामा नये.

या कसोटीवर काचलोकर (ग्लास वूल) बाद होते, कारण ती ओल शोषून धरते आणि पत्रा आतून गंजू लागतो. थर्माकोल स्वस्त असला तरी व्हॅनच्या वळणांवर बसत नाही, गाडी चालताना करकरतो, आणि अस्तर चिकटवायचे रबर सोल्युशन लागले की विरघळतो. भिंतींना व छताला एसीच्या नळ्यांवर गुंडाळतात तो काळा नायट्राइल रबर फोम घ्यावा. त्याचे कप्पे बंद असल्याने वाफ आत शिरत नाही आणि तो कोपऱ्यात सहज वळतो. भिंतीला 19 मिलिमीटर आणि छताला 25 मिलिमीटर जाडी आपल्या भागाला पुष्कळ झाली. स्पिती किंवा लडाखला हिवाळ्यात जायचे असेल तर दुप्पट थर द्यावा लागेल. पत्रा आणि प्लायवूड यांच्यामध्ये चंदेरी फॉइल दाबून बसवण्याचा सल्ला अनेक जण देतात, पण फॉइलसमोर हवेची पोकळी नसेल तर ती उष्णता परतवत नाही, तेव्हा तो खर्च वाया जातो.

काम पावसाळ्यापूर्वी उरकावे. कणकुंबीच्या पावसात दमट झालेल्या पत्र्यावर अस्तर चिकटवणे म्हणजे ओल आत कोंडून ठेवणे होय. आधी गंज घासून प्रायमर मारावा आणि तो पूर्ण वाळू द्यावा. दारांच्या तळाशी पाणी निघून जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती तारेने मोकळी करावीत आणि तेथे फोम कधीही कोंबू नये. पत्रा थिनरने पुसल्यावर पत्रा व फोम या दोहोंना सोल्युशन लावून, बोट लावल्यास चिकट लागेल पण ओढून तार सुटणार नाही इतके सुकू द्यावे, आणि मगच मधून कडेकडे दाबत न्यावे. एप्रिलच्या दुपारी उन्हात तापलेल्या पत्र्यावर सोल्युशन लावताक्षणीच वाळते, म्हणून हे काम सावलीत, सकाळी लवकर करावे.

पत्र्याच्या आतल्या उभ्या-आडव्या पट्ट्या बहुतेक जण मोकळ्या सोडतात. दवाचे थेंब आधी तेथेच दिसतात, कारण लोखंडातून गारवा थेट आत येतो. त्यांच्यावर 9 मिलिमीटरचा फोम तरी चिकटवावाच. फोमच्या जोडांवर फोमचीच पट्टी लावावी. तळाला 25 मिलिमीटरचा कडक एक्सपीएस फोम (थर्माकोलच्याच जातीचा, पण घट्ट) आणि त्यावर 12 मिलिमीटरचे वॉटरप्रूफ प्लायवूड पुरते. काचांसाठी फॉइल लावलेल्या फोमचे, काचेपेक्षा थोडे मोठे तुकडे कापून रात्री दाबून बसवावेत. काच अशी झाकली नाही तर बाकी सगळ्या मेहनतीचा उपयोग निम्मा उरतो.

सीट काढणे किंवा छताला भोक पाडणे मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली बदल ठरू शकते, तेव्हा आधी आरटीओत विचारून घ्यावे.

हवा खेळती ठेवणे टाळता येत नाही. एक किलो गॅस जळताना दीड किलोहून अधिक पाणी तयार होते, त्यामुळे बंद व्हॅनमध्ये चहा करणाऱ्याने पत्र्याच्या घामाची तक्रार करू नये. कोळशाची शेगडी तर आत नेऊच नये. तिच्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्याला कळण्याआधीच जीव जातो. झोपताना पुढची काच दोन बोटे खाली आणि छताची खिडकी किंवा मागची काच तेवढीच उघडी ठेवावी. घोंगडे त्या वाऱ्यापुरते अंगावर ओढून घेतले की झाले.