रूट केलेल्या फोनवर ऑफिसचा मेल घ्यायचाय? आधी हे करा

फोन रूट करणं म्हणजे त्याच्या सिस्टीमवर पूर्ण ताबा मिळवणं. असा फोन आपला असला तरी ऑफिसच्या मेलमधला मजकूर आपल्या एकट्याचा नसतो. त्यात ग्राहकांची माहिती असते, सहकाऱ्यांचे पगार असतात. म्हणून खातं जोडण्याआधी पुढच्या गोष्टी क्रमाने करा.

१. रूटमुळे काय बदलतं ते समजून घ्या

अँड्रॉइडमध्ये प्रत्येक अॅपला वेगळा युजर क्रमांक मिळतो, म्हणून एका अॅपला दुसऱ्याच्या खासगी फाइल्स वाचता येत नाहीत. रूटचा क्रमांक ०, आणि त्याला ही भिंत लागू होत नाही. तुम्ही रूटची परवानगी दिलेलं कुठलंही अॅप किंवा मॅजिस्क या रूट करण्याच्या साधनाचं मॉड्यूल (त्यात जोडायचा छोटा भाग) मेल अॅपने साठवलेलं लॉगिन टोकन (एकदा लॉगिन केल्याची डिजिटल खूण) वाचू शकतं. ते चोरीला गेलं, तर चोराला अनेकदा पासवर्डही लागत नाही आणि ओटीपीही. वर्क प्रोफाइलमध्ये, म्हणजे फोनमधल्या कामाच्या वेगळ्या कप्प्यात, मेल ठेवला तरी रूटपासून तो सुटत नाही. ब्राउझरमधून मेल पाहिला तरी तेच, कारण तिथल्या कुकीजही (लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या छोट्या नोंदी) वाचता येतात.

बूटलोडर (फोन लावताना सिस्टीम सुरू करणारा प्रोग्राम) उघडा असेल, तर फोन हातात पडलेला माणूस त्यात बदललेली सिस्टीम टाकू शकतो.

२. आयटी विभागाला लेखी विचारा

बऱ्याच कंपन्या रूट केलेला फोन आपोआप अडवतात. ती तपासणी चुकवण्यासाठी रूट लपवणारी मॉड्यूल्स मिळतात. ती वापरू नका, हे मी अगदी ठाम सांगतो. धोका तसाच राहतो, फक्त तो दिसायला हवा त्यांना दिसत नाही. आणि उद्या माहिती फुटली तर तुम्ही जाणूनबुजून नियम मोडलेला असतो.

३. जमलं तर फोन मूळ स्थितीत आणा

इथे क्रम महत्त्वाचा आहे. आधी बॅकअप घ्या. मग त्याच मॉडेलचं कंपनीचं मूळ फर्मवेअर (फोनसोबत आलेली सिस्टीम) टाका, फोन नीट चालू होतो का पाहा, आणि त्यानंतरच बूटलोडर लॉक करा. बदललेल्या सिस्टीमवर लॉक केलं तर फोन सुरूच न होण्याची भीती असते. लॉक करताना डेटा पुसला जातो. सॅमसंगच्या फोनमध्ये नॉक्स या सुरक्षा व्यवस्थेचा फ्यूज (सिस्टीम बदलल्याची कायमची खूण) एकदा उडाला की मूळ फर्मवेअर टाकूनही पूर्ववत होत नाही. तसा फोन कामासाठी धरू नका.

४. रूट ठेवायचंच असेल तर

मेलसाठी दुसरा फोन वापरा. जुना चालेल, पण त्याला सुरक्षा अपडेट्स मिळत असले पाहिजेत. कंपनीने सगळं माहीत असून रूटला परवानगी दिलीच, तर सुपरयूजर यादीतली (रूटची परवानगी दिलेल्या अॅप्सची यादी) नको ती अॅप्स काढा, अनोळखी मॉड्यूल्स हटवा, यूएसबी डीबगिंग (केबलने संगणकावरून फोनला आज्ञा देण्याची सोय) बंद करा आणि लांब पिन ठेवा. रूटनंतर सिस्टीम अपडेट पुष्कळदा आपोआप बसत नाही, तेव्हा सुरक्षा पॅचची तारीख सेटिंग्जमध्ये अधूनमधून बघत राहा.

५. मेल आधीच सुरू असेल तर

फोनमधून खातं काढा. मग दुसऱ्या, विश्वासाच्या उपकरणावरून पासवर्ड बदला आणि सगळी सेशन्स (चालू असलेली लॉगिन) बंद करा, कारण नुसता पासवर्ड बदलून जुनं टोकन प्रत्येक वेळी रद्द होतंच असं नाही. शेवटी आयटी विभागाला कळवा. त्यांना लॉगिनच्या नोंदी तपासता येतात, तुम्हाला त्या सगळ्या दिसत नाहीत.