करडांना सल्फा देताय? आधी वजन करा, पाणी पाजा, मग औषध

पावसाळ्यात गोठ्यात ओल धरली की करडं पातळ हगायला लागतात, शेपटीखाली सगळं चिकटलेलं, केस राठ, आणि मग आपण काय करतो तर मेडिकलमधून सल्फा गटातल्या औषधाची बोलस, म्हणजे जनावरांची मोठी गोळी, आणतो आणि अंदाजे अर्धी मोडून घशात घालतो. मीपण हेच केलं होतं, दोन महिन्यांची पाट म्हणजे मादी करडू, सात किलोच्या आसपास, हगून हगून आधीच सुकलेली, तिला अर्धी बोलस दिली. दोन दिवसांनी ती पाठीला बाक देऊन मुतायला उभी राहायची आणि थेंबथेंब यायचं. वाचली नाही. डॉक्टरांनी नंतर सांगितलं की अंगात पाणी कमी असेल तर सल्फाचे खडे मूत्रपिंडात जमतात, त्यात डोसपण खूप जास्त झालेला. म्हणून हे लिहितोय.

पहिलं म्हणजे हगवण नक्की कशाची ते बघा. सल्फा कॉक्सीवर, म्हणजे आतड्यात वाढणाऱ्या सूक्ष्म परजीवीच्या हगवणीवर चालतं, काही जिवाणूंवर चालतं, पण जंतांवर नाही आणि पीपीआर या शेळ्यामेंढ्यांच्या साथीच्या रोगाच्या विषाणूवर तर अजिबात नाही. ताज्या हगवणीचा नमुना स्वच्छ डबीत घ्या आणि त्याच दिवशी सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात तपासायला द्या. कॉक्सी जास्त करून तीन आठवडे ते पाच-सहा महिन्यांच्या करडांना होतो. आणि उशीर करू नका, सल्फा कॉक्सीची वाढ थांबवतं पण आतड्याचं जे नुकसान होऊन गेलंय ते भरून काढत नाही, रक्त दिसेपर्यंत थांबलात तर औषध बरोबर असूनही करडू जातं.

आता वजन. टांगता काटा घ्या, गोणीची झोळी करा, करडू त्यात ठेवा, झालं. आपल्याकडे सल्फाडिमिडीनची बोलस मिळते ती ५ ग्रॅमची, म्हणजे ५००० मिलिग्रॅम, ती गाई-म्हशींच्या हिशोबाची आहे. समजा डॉक्टरांनी पहिल्या दिवशी किलोमागे २०० आणि पुढे रोज १०० मिलिग्रॅम सांगितलं, तर ८ किलोच्या करडाला पहिल्या दिवशी १६०० आणि नंतर ८०० मिलिग्रॅम, म्हणजे पहिल्या दिवशी बोलसचा तिसरा हिस्सासुद्धा नाही आणि नंतर सहावाही नाही! बोलस मोडून एवढा तुकडा नीट निघत नाही, त्यापेक्षा बारीक कुटून पाणी घालत घालत एकूण ५० मिली करा, मग १ मिलीत १०० मिलिग्रॅम येतं, पहिल्या दिवशी १६ मिली आणि नंतर ८ मिली. औषध पूर्ण विरघळत नाही, तळाला बसतं, म्हणून प्रत्येक वेळी सिरींज भरायच्या आधी बाटली जोरात हलवा, नाहीतर पहिल्या करडाला नुसतं पाणी आणि शेवटच्याला सगळा गाळ.

पाजताना सुई काढलेली सिरींज ओठाच्या कोपऱ्यातून, तोंड फार वर न उचलता, थोडं थोडं, गिळू द्या. घाईत ओतलं की फुफ्फुसात जातं.

पण त्याच्याही आधी पाणी. मानेवरची कातडी चिमटीत धरून सोडा, लगेच जागेवर बसली तर ठीक, उभीच राहिली तर करडू सुकलंय, आधी ओआरएस पाजा, फारच मलूल असेल तर डॉक्टरांकडून सलाईन लावून घ्या आणि सल्फा त्यांना विचारूनच. औषध चालू असेपर्यंत गोठ्यात पाणी कायम भरलेलं हवं आणि करडू नीट मुततंय का ते रोज डोळ्यांनी बघा. कुंथून मुततंय, लघवी लाल आहे किंवा तोंड सुजलंय असं दिसलं तर औषध थांबवून लगेच फोन करा, १९६२ वर फिरत्या दवाखान्याची सोय आहे.

कोर्स साधारण तीन ते पाच दिवसांचा असतो, आपल्या मनाने वाढवायचा नाही आणि दुसऱ्या दिवशी लेंडी घट्ट झाली म्हणून सोडायचाही नाही. इंजेक्शनचं सल्फा घरी कोणी टोचू नये, बरीचशी खूप अल्कली असतात, शिरेऐवजी मांसात गेलं तर तिथलं मांस सडतं.

दुधाच्या शेळीला सल्फा दिलं असेल तर ते दूध विकू नका, घरातल्या पोरांनाही देऊ नका. उकळलं की जातं असं बरेच जण म्हणतात, सल्फा उकळल्याने जात नाही. लेबलवर किती दिवस थांबायचं ते असतं, नसेल तर आपल्या देशातल्या नियमानुसार दुधाला किमान ७ दिवस आणि मटणाला २८ दिवस, शेवटच्या डोसपासून मोजायचे. बकरी ईदच्या आधी बोकडांच्या बाबतीत हे हमखास विसरलं जातं. मी आता शेळीच्या बिल्ल्याचा नंबर आणि तारीख गोठ्यातल्या कॅलेंडरवरच लिहितो.

घरात कोणाला सल्फाची ॲलर्जी असेल तर बोलस कुटायचं काम त्यांना देऊ नका, बाकीच्यांनीही हातमोजे आणि तोंडाला रुमाल. आणि जमीन कोरडी ठेवा, चाऱ्याची गव्हाण जमिनीपासून वर घ्या, म्हणजे करडं त्यात पाय घालून हगणार नाहीत. आमच्याकडे गव्हाण दीड फूट वर केली, खाली चुना मारला, त्या पावसाळ्यात बोलस दोनच लागल्या.