मे महिन्यातल्या बर्फावर निघालात? या चुका टाळा

आखाजी (अक्षय्य तृतीया) उरकली की भुसावळ, जळगावहून दिल्लीकडच्या गाड्यांत सॅकवाली पोरं दिसायला लागतात. हिमाचल, उत्तराखंड, चार हजार मीटरच्या आसपासच्या खिंडी. तिथला मे महिन्यातला बर्फ दिवसा वितळतो, रात्री पुन्हा गोठतो. सगळं गणित त्यातच आहे.

पहिली चूक उशिरा निघण्याची. गंमत बघा, इथे आपण उन्हाळ्यात शेतातली कामं दहाच्या आत उरकतो आणि तिथे गारव्यात चहा पीत नऊ वाजवतो. पहाटे वरचा थर कडक असतो. पाय टेकला की करकरतो, बूट रुतत नाही. ऊन चढलं की कणांचे सांधे सुटतात, पाणी आत झिरपतं आणि दुपारी तोच बर्फ रसवंतीवरच्या चुऱ्यासारखा होतो. घोट्याच्या वर पाय जायला लागला की तीव्र उतार सोडा. गुडघ्यापर्यंत जाईस्तोवर थांबलात तर ओला बर्फ उतारावरून आपसूक सुटायची भीती. पूर्वेचा उतार सगळ्यात आधी बिघडतो.

दुसरी चूक: ‘रात्री थंडी होती, गोठलंच असेल.’ गच्चीवर झोपणाऱ्याला हे सांगायला नको. आभाळ आलं की रात्रभर उकडतं. तिथेही ढग उष्णता अडवतात आणि बर्फ नीट गोठत नाही. आभाळ मोकळं असेल तर हवा शून्याच्या किंचित वर असूनही पृष्ठभाग गोठतो. निघण्याआधी काठी खुपसून बघा. सहज आत गेली तर बेत बदला.

काळ्या खडकाला टेकून बसू नका. खडक तापतो, भोवतीचा बर्फ आतून पोकळ होतो. मी पाणी प्यायला म्हणून खडकाजवळ गेलो आणि कमरेपर्यंत आत. दोघांनी ओढून काढलं, बूट मात्र आतच राहिला, तो हाताने उकरावा लागला. ओढ्यावरचे बर्फाचे पूलही असेच खालून खाल्लेले असतात. आणि तापीला पूर पावसाने येतो, तिथल्या ओढ्यांना उन्हाने. सकाळी घोटाभर पाणी ओलांडून गेलात तर परतताना तेवढंच असेल असं धरू नका.

जीन्स घालू नका, भिजली की वाळत नाही.

डोक्याला रुमाल बांधायची आपल्याला सवय आहे, पण तिथे ऊन खालूनही येतं. ताजा बर्फ 80 टक्क्यांपर्यंत अतिनील किरण परत फेकतो. गॉगल ढगाळ दिवशीही हवा, सनस्क्रीन हनुवटीखालीसुद्धा. नाहीतर रात्री तंबूत डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपतं.